बंद दाराची सवय : घरून काम करणाऱ्याच्या घरात कुत्र्याचे पिल्लू

घरून काम करणाऱ्या माणसाला कुत्र्याचे पिल्लू पाळणे सोपे जाते, असा समज गेल्या पाच-सहा वर्षांत रूढ झाला आहे आणि वरकरणी तो बिनतोड वाटतो. कारण माणूस दिवसभर घरातच असतो, पिल्लाला कुलूप लावलेल्या घरात सोडून जावे लागत नाही आणि त्याच्या खाण्यापिण्याकडे, शी-शूकडे लक्ष ठेवता येते. तथापि हा समज अर्धाच खरा आहे. घरात असणे आणि मोकळे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत व त्यांतला फरक पिल्लाला कळण्याचे काही कारण नसते. संगणकापुढे बसलेला माणूस त्याच्या लेखी नुसता बसलेला, म्हणजे खेळायला रिकामा, माणूस असतो. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्या घरातून कोणी कधी बाहेरच पडत नाही, तेथे वाढणाऱ्या पिल्लावर एकटे राहण्याची वेळच येत नाही, आणि जी गोष्ट तिसऱ्या महिन्यात रोजच्या थोड्याथोडक्या सरावाने साधली असती, तिच्यासाठी वर्षभराच्या कुत्र्यावर महिनोन्‌महिने खपावे लागते. म्हणून अशा घराने पिल्लू आणताना आधी विचार करायचा तो सहवासाचा नव्हे, अंतराचा.

ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२० या टाळेबंदीच्या वर्षात घरोघरी आणलेल्या पिल्लांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की आदल्या वर्षीच्या पिल्लांच्या तुलनेत या पिल्लांना सोळा आठवड्यांच्या आत प्रशिक्षणवर्गाला नेले जाण्याचे आणि त्यांच्या घरी पाहुणे येण्याचे प्रमाण कमी होते. घर माणसांनी भरलेले होते, पण ती माणसे तीच ती होती. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चनंतर पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे नोकरी करणारी अनेक तरुण मुले-मुली आपापल्या जिल्ह्याच्या गावी परतली आणि त्यांतील काहींचे काम पुढेही तेथूनच चालू राहिले. वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी मेघेसारख्या वस्तीत अशा कुटुंबाला शहरातल्या सदनिकेपेक्षा बऱ्याच सोयी असतात : ले-आउटमधील स्वतंत्र घर, फाटक, घराभोवती थोडी मोकळी माती, वर गच्ची आणि घरात आजी-आजोबा. अडचणीही याच वातावरणातून येतात. गल्लीत मोकळ्या कुत्र्यांची टोळी असते, उन्हाळा जीवघेणा असतो, आणि शेती असलेल्या घरात कपाशीच्या फवारणीची औषधे व गुरांची ढेप ठेवलेली असते. शहरी वाचकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत या गोष्टींचा विचार सहसा आढळत नाही.

पिल्लू कोठून आणावे, हा प्रश्न येथे थोडक्यात उरकता येईल. पिपरी मेघे येथेच पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचा ‘करुणाश्रम’ आहे व जखमी, सोडून दिलेल्या प्राण्यांना तेथे आसरा मिळतो. गावठी पिल्लू दत्तक घ्यावयाचे असल्यास चौकशीची सुरुवात अशा ठिकाणापासून करणे सयुक्तिक ठरते. विदर्भाच्या हवेत हस्की किंवा सेंट बर्नार्ड यांसारखी दाट केसांची कुत्री अथवा पगसारखी आखूड नाकाची कुत्री आणणे हा शौक असला, तरी त्याची किंमत ते जनावर मोजते, कारण कुत्र्याचे शरीर थंड होते ते मुख्यतः धापा टाकण्याने आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला नेमके तेच नीट जमत नाही. विकत घेताना एक गोष्ट तपासावी : कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ही अट कागदी नाही. आई व भावंडांबरोबर खेळताना जोरात चावले की समोरचे केकाटते आणि खेळ थांबतो, या अनुभवातून पिल्लू जबड्याचा जोर आवरायला शिकते. या गुणाला दंशसंयम म्हणता येईल, आणि महिन्याभराचे असतानाच आईपासून तोडलेल्या पिल्लाला तो पुढे माणसांच्या हातापायांवर शिकावा लागतो.

पाळण्याच्या जबाबदारीविषयी एक जुना वाद येथे आठवण्यासारखा आहे. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ मोकाट कुत्री मारवली, तेव्हा उठलेल्या वादात गांधीजींनी ‘यंग इंडिया’मध्ये एक लेखमालाच लिहिली व त्या मारण्याचे समर्थन केले. मोकाट कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य जोडणे ही दया नसून, दया असेल तर माणसाने कुत्रे रीतसर पाळावे व त्याची जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. मारण्याचे ते समर्थन आज कायद्याला मान्य नाही आणि ते योग्यच आहे. परंतु दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, जवळच्याच सेवाग्रामला येऊन राहिलेल्या या माणसाचा उरलेला अर्धा युक्तिवाद आज पिल्लू आणणाऱ्या प्रत्येक घराने विचारात घ्यावा इतका ताजा आहे.

पिल्लू आणण्याचा दिवस पंचांगापेक्षा कामाच्या दिनदर्शिकेवरून ठरवावा. शुक्रवारी संध्याकाळी पिल्लू आणून शनिवार-रविवार हाताशी ठेवणे आणि त्यापुढे शक्य झाल्यास दोन-तीन दिवसांची रजा टाकणे हा बरा मार्ग आहे. मात्र त्या रजेतही रोजच्या कामाच्या वेळी माणसाने टेबलापाशी बसावे, नाहीतर पहिले पाच दिवस अखंड मांडीवर घेतलेल्या पिल्लाला सहाव्या दिवशी मांडी एकाएकी का नाहीशी झाली हे उमजत नाही. नवतपा म्हणजे मे अखेरीचे उन्हाचे नऊ दिवस आणि दिवाळीतला फटाक्यांचा आठवडा हे दोन काळ टाळावेत. पहिल्या रात्री पिल्लू रडते. ते हट्टाने नव्हे, तर आयुष्यात प्रथमच भावंडांच्या उबेविना झोपत असल्यामुळे. त्याला लांबच्या छपरीत किंवा न्हाणीघरात कोंडून रडू देण्याने ते ‘शहाणे’ होत नाही, केवळ घाबरते. त्याची पेटी किंवा अंथरूण पलंगालगत, हात पोहोचेल असे ठेवावे आणि चांगली झोप लागू लागल्यावर रोज थोडेथोडे दूर सरकवावे.

दिवसाचा आराखडा आखताना ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन-तीन महिन्यांचे पिल्लू दिवसरात्रीतले सुमारे अठरा ते वीस तास झोपते. ढोबळ मानाने तासभर जाग आणि मग दीड-दोन तास झोप असा त्याचा फेरा चालतो, आणि घरून काम करणाऱ्याला खरी सवड मिळते ती या झोपेतच. एकाग्रतेचे काम व महत्त्वाच्या बैठका झोपेच्या टप्प्यात, आणि टपाल वाचणे, फोनवरचे किरकोळ बोलणे जागेपणाच्या टप्प्यात, अशी वाटणी पहिल्या आठवड्यात वहीत नोंदी करून बसवता येते. जागेपणाचा तास नुसता खेळण्यात न घालवता बाहेर नेणे, खाणे, पाच मिनिटांचे शिक्षण, थोडा खेळ आणि पुन्हा बाहेर नेणे अशा क्रमाने घालवला, तर पिल्लू आपोआप पेंगते. पुष्कळदा घरातील माणसे थकलेल्या पिल्लाच्या चावरेपणाला मस्ती समजून आणखी खेळवतात. प्रत्यक्षात झोपेची वेळ टळलेल्या लहान मुलासारखी त्याची गत झालेली असते, आणि त्याला हवी असते ती शांत, अंधारी जागा. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बहुतेक पिल्ले काही काळ घरभर बेफाम धावतात. अमेरिकेशी किंवा युरोपशी बांधलेल्या कामाच्या बैठकाही याच सुमारास असतात. हा योगायोग दुर्दैवी असला तरी अटळ आहे, म्हणून त्यापूर्वीचा अर्धा तास दिनदर्शिकेत राखून ठेवावा आणि तो पिल्लासाठीच वापरावा.

शी-शूच्या सवयीबाबत घरून काम करणाऱ्याला खरोखरच फायदा मिळतो, कारण ही सवय शिक्षेने नव्हे तर वेळेवर बाहेर नेण्याने लागते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि निजण्यापूर्वी, तसेच या वयात जागेपणी दर तासाला, पिल्लाला अंगणातील एकाच ठरावीक जागी न्यावे, त्याच दाराने न्यावे, आणि काम होताच तेथल्या तेथे खाऊ द्यावा. घरात परतून दिलेला खाऊ परतण्याचे बक्षीस ठरतो. घरात चूक झाल्यास त्याचे नाक त्यात घासण्याची जी पद्धत अजून सांगितली जाते, तिच्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली जाऊन करते. डाग साबणाच्या पाण्याने व त्यानंतर विकर-द्रव्य असलेल्या द्रवाने पुसावा. विकर म्हणजे लघवीतील वास देणारी द्रव्ये मोडणारे जैविक प्रथिन. अमोनियायुक्त द्रव वापरू नये, कारण त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असल्याने ते एक प्रकारे आमंत्रणच ठरते.

आता मूळ मुद्दा. विभक्तीची चिंता म्हणजे परिचित माणूस दूर होताच कुत्र्याला होणारी खरीखुरी घबराट. तिच्यात ते दार ओरबाडते, लाळ गाळते, आवडता खाऊसुद्धा तोंडात घेत नाही, शिकवलेले असूनही घरात शू करते आणि माणूस परत येईपर्यंत ओरडत राहते. कंटाळ्याने चप्पल कुरतडणारे कुत्रे आणि असे घाबरलेले कुत्रे यांत फरक करायला हवा, कारण पहिल्याला काम द्यावे लागते आणि दुसऱ्याला धीर. या चिंतेची कारणे अनेक असतात व स्वभावाचाही त्यात वाटा असतो, तरीपण एकटेपणाची ओळखच न होणे हे घरून काम करणाऱ्यांच्या घरात विशेष संभवणारे कारण आहे. कचेरीत जाणाऱ्याच्या घरी बाहेर पडणे रोज घडते. येथे किल्ल्यांचा खुळखुळाट, हेल्मेट, दुचाकी सुरू होण्याचा आवाज आठवड्यातून एखाद्या वेळी ऐकू येतो आणि म्हणूनच तो मोठ्या घटनेची वर्दी ठरतो.

यावरचा उपाय मानसशास्त्रात पद्धतशीर असंवेदनीकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वावर उभा आहे. त्याचा अर्थ असा की भीती वाटेल अशा गोष्टीची मात्रा इतकी अल्प ठेवायची की भीती जागीच होऊ नये, आणि मग ती कणाकणाने वाढवायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत कामाच्या खोलीतच, टेबलापासून चार-पाच हातांवर, पिल्लासाठी जाळीचे छोटे कुंपण उभारावे व त्यात अंथरूण, पाणी आणि चघळायची वस्तू ठेवावी. पिल्लू पोटभर खाऊन, शू करून, पेंगुळलेले असताना त्याला तेथे ठेवावे व माणसाने काम सुरू करावे. त्याच्याकडे पाहू नये, बोलू नये, पण खोलीत असावे. हे जमू लागल्यावर माणसाने मधूनच उठावे, पाणी प्यावे, कपाटातून कागद काढावा आणि पुन्हा बसावे, म्हणजे त्याचे उठणे हे पिल्लाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे होते. पुढचा टप्पा दाराबाहेर पाच सेकंद, मग पंधरा, मग मिनिट. त्यापुढे दार लोटून, नंतर कडी लावून. सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की पिल्लू शांत असतानाच परतावे. ते रडू लागले, तर पायरी उंच पडली असे समजून दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरावे. त्यासाठी पिल्लाला किंवा स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. वाढ सरळ रेषेत करू नये, कधी दोन मिनिटे, कधी वीस सेकंद, कधी पाच मिनिटे असे मागेपुढे ठेवावे, नाहीतर प्रत्येक वेळ आधीपेक्षा अवघड हेच पिल्लू शिकते.

याच्या जोडीला बाहेर जाण्याच्या खुणा निरर्थक करून टाकाव्यात. हेल्मेट डोक्यावर घालून सोफ्यावर बसावे व चहा प्यावा. किल्ल्या उचलून पुन्हा खुंटीला लावाव्यात. दुचाकी सुरू करून फाटकापर्यंत न्यावी आणि परत आणावी. शेजाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण त्याला इलाज नाही. निघताना लाडाचे निरोप आणि परतल्यावर मोठे स्वागत दोन्ही टाळावे. साधारण तिसऱ्या महिन्याअखेर पिल्लू अर्धा-पाऊण तास आणि सहाव्या महिन्यापर्यंत तीन-चार तास निर्धास्त राहू लागले, तर सराव योग्य गतीने चालला आहे असे म्हणता येते.

एकत्र कुटुंबात या सगळ्या सरावाला हमखास सुरुंग लागतो तो मायेनेच. कामाच्या खोलीचे दार लागते, पिल्लू कुईकुई करते, आणि स्वयंपाकघरातून आजी येऊन त्याला उचलून घेतात; कामावरच्या माणसाला वाटते की पिल्लू एकटे राहायला शिकत आहे, प्रत्यक्षात ते दहा सेकंदांत दुसरी मांडी मिळवायला शिकते. म्हणून एकटेपणाचा सराव हा एका माणसाचा नव्हे तर साऱ्या घराचा ठरवावा आणि आजी-आजोबांना त्यातली निश्चित भूमिका द्यावी, जसे की दुपारचे खाणे त्यांनीच भरवावे, पण कुंपणातून बाहेर काढण्याची वेळ घड्याळावर असावी. शब्दांचेही तसेच आहे. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘बस’ म्हणते आणि आजोबा ‘बसनं बाबू’ म्हणतात, यात कुत्र्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ असे चार लहान मराठी शब्द ठरवून ते भिंतीवर लिहून ठेवणे पुरेसे होते.

ऑनलाइन बैठकीत भुंकणारे कुत्रे हा घरून काम करणाऱ्यांच्या विनोदाचा विषय झाला आहे, पण भुंकणे तयार होते कसे हे पाहिले म्हणजे विनोद ओसरतो. पिल्लू बैठकीत एकदा भुंकते, माणूस घाईने ध्वनी बंद करून त्याला बिस्किट टाकतो, पिल्लू गप्प होते. यात दोघांनाही बक्षीस मिळाले : माणसाला शांतता आणि पिल्लाला बिस्किट. ज्या कृतीनंतर सुखद फळ मिळते ती कृती वाढते, या नियमाला प्रबलन म्हणतात, आणि फळ कधी मिळाले, कधी नाही, असे अनियमित प्रबलन हे सर्वांत चिवट सवय घडवते. म्हणून दहांपैकी तीन बैठकांत दिलेले बिस्किट दहाही बैठकांत दिलेल्या बिस्किटापेक्षा अधिक घात करते. फळ पूर्णपणे बंद केल्यास सवय हळूहळू मावळते, त्यास विलोपन म्हणतात, परंतु मावळण्यापूर्वी ती एकदा उसळी घेते व काही दिवस पिल्लू पूर्वीपेक्षा जास्त भुंकते. नेमक्या याच दिवसांत धीर सुटून बिस्किट दिले जाते आणि सारे पुन्हा मूळपदावर येते. यापेक्षा सोपे म्हणजे खाऊ भुंकण्यापूर्वी देणे. बैठक सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी पिल्लाला बाहेर नेऊन आणावे आणि पोकळ रबरी खेळण्यात बिनसाखरेचे दही किंवा भिजवलेले त्याचेच खाद्य भरून, रात्री गोठवून ठेवलेले, त्याच्या कुंपणात द्यावे. चाटणे आणि चघळणे पिल्लाला शांत करते, आणि गोठलेले दही वीस-पंचवीस मिनिटे सहज टिकते. साडेतीन-चार महिन्यांनंतर दुधाचे २८ दात पडून ४२ कायमचे दात येण्याचा काळ सुरू होतो, तेव्हा तर गार वस्तू हिरड्यांनाही बरी वाटते. संगणकाच्या तारा मात्र जाड नळीतून ओवून भिंतीलगत वर बांधाव्यात. चार्जरची तार हे दात येणाऱ्या पिल्लाचे आवडते आणि घरातील सर्वांत धोक्याचे खेळणे असते.

यानंतर बाहेरच्या जगाची ओळख. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांच्या वर्तनाविषयीच्या ग्रंथात सामाजिकीकरणाचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा धरला आहे. या काळात भेटलेली माणसे, प्राणी, आवाज हे पिल्लाला आपलेसे वाटतात, आणि हा काळ सरल्यावर नव्याचे भय वाढते. अडचण अशी की याच काळात लसीकरण अपुरे असते. आईच्या पहिल्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, पिल्लाला काही आठवडे वाचवतात, पण तीच लसीचा परिणामही खोडतात आणि ती केव्हा संपतील हे प्रत्येक पिल्लात निराळे असते. त्यामुळे डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादींची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिली जाते. जंतनाशकाचे व पुढच्या मात्रांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. ज्या गल्लीत मोकळी कुत्री वावरतात तेथील मातीत पार्व्होचा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो, आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे ही कुत्री निर्बीजीकरणानंतर मूळ जागीच सोडली जात असल्याने ती नाहीशी होणार नाहीत. त्यांच्याबरोबरच राहायचे आहे. म्हणून पिल्लाला जमिनीवर न ठेवता जग दाखवावे : कडेवर किंवा टोपलीत घेऊन फाटकाशी उभे राहावे, भाजीवाल्याची हाक, शाळेची बस, ट्रॅक्टर, बैल, बुरखा, काठी, छत्री हे सारे दुरून दिसू-ऐकू द्यावे आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. लस घेतलेल्या ओळखीच्या कुत्र्याशी स्वतःच्या अंगणात भेट घडवण्यास हरकत नसते. घरून काम करणाऱ्याच्या घरी माणसांची वर्दळ कमी असते म्हणून आठवड्यातून तीन-चार नवे चेहरे मुद्दाम बोलवावेत. पोळा, गणपती, लग्नाची वरात यांतील ढोल-डीजेचा आवाज आधीपासून भ्रमणध्वनीवर अगदी मंद, खाण्याच्या वेळी वाजवत न्यावा.

खेळता खेळता दात लागून कोणाला रक्त आले, किंवा गल्लीतील कुत्र्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज संभवत नाही, ही समजूत जीवघेणी आहे.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हाळ्यातील पिल्लाचा दिवस सर्वस्वी त्याभोवती फिरतो. पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री आठनंतर एवढाच काळ बाहेर न्यायला योग्य असतो. डांबरावर किंवा गच्चीच्या फरशीवर माणसाने हाताचा तळवा पाच सेकंद टेकून पाहावा, टेकवत नसेल तर तेथे पिल्लाचा पंजाही टेकू नये. कूलरची थंड हवा कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी असते, मात्र पिल्लू झोतात ओले होऊन झोपू नये आणि टाकीतले पाणी त्याने पिऊ नये. जुलैत हवा दमट झाली की कूलर कुचकामी होतो, तेव्हा पंखा व फरशीच बरी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोराची धाप, लालभडक हिरड्या, दाट लाळ व लडखडणे दिसले की उष्माघात समजून सावलीत आणावे, पोटावर व पंजांवर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि पशुवैद्याकडे न्यावे. वर्ध्यात निदान आवाक्याबाहेरचे ठरल्यास नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय, जे १९५८ पासून आहे, हा जवळचा मोठा आधार. याच ऋतूत गोचिडांचा जोर असतो. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालून घरातच पिढ्या वाढवते व तिच्या चाव्याने एर्लिकिया, बबेसिया यांसारखे रक्ताचे आजार होतात. म्हणून पिल्लाच्या कानात, बोटांच्या फटींत रोज पाहावे, आणि गुरांच्या गोचिडांवरचे औषध कुत्र्याला कधीही चोळू नये.

खाण्याबाबत वडीलधाऱ्यांचा ‘दूध-पोळी’वरील विश्वास दृढ असतो, परंतु वाढत्या पिल्लाला दुधाने पुष्कळदा जुलाब होतात व नुसत्या पोळीत प्रथिने फारच अपुरी पडतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा पिल्लांसाठीचे संतुलित तयार खाद्य, किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने अंडी, कोंबडी, भात असे घरचे खाणे द्यावे. शाकाहारी घराने अंड्यापुरती तडजोड करण्याचा विचार मोकळेपणाने करावा, कारण पनीर-दह्यावर संतुलन साधणे अवघड असते. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण, साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल, आणि माणसांच्या तापाच्या व वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. दिवाळीतील मनुके घातलेला शिरा किंवा चिवडा हे येथे सहज घडणारे अपघात आहेत. शेतीच्या घराची स्वतःची यादी असते. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, उंदरांचे औषध, फवारणीचे कपडे हे कुलूपबंद हवेत. सरकीत व ढेपेत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणारी गुरे ते बऱ्याच अंशी पचवतात, परंतु कुत्र्याच्या हृदयाला ते अपायकारक असल्याने ढेपेचे पोते पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नये. कुंपणाला लावलेली कण्हेरही विषारी आहे.

कायद्याच्या बाबतीत एवढे सांगणे पुरे की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील ११ व्या कलमानुसार जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या अथवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हे गुन्हे आहेत. कामाच्या वेळेत आंब्याच्या झाडाला दिवसभर बांधून ठेवणे हा त्यामुळे तोडगा होऊ शकत नाही.

सराव कितपत साधला हे माणसाच्या अनुमानावर न सोडता पडताळून पाहावे. जुना भ्रमणध्वनी पुस्तकांच्या कपाटावर चित्रीकरणासाठी लावून घरातील सर्वांनी एकदम बाहेर पडावे, फाटक लावावे, चौकापर्यंत चालत जाऊन वीस मिनिटांनी यावे आणि चित्रफीत पाहावी. पिल्लू दाराशी जाऊन एकदोनदा कण्हले व वळून अंथरुणावर पडले असेल, तर पुढच्या आठवड्यात चाळीस मिनिटांचा बेत आखता येईल. ते सबंध वीस मिनिटे येरझारा घालत, धापा टाकत, दाराखालच्या फटीला नाक लावून राहिले असेल आणि रबरी खेळण्यातले दही तसेच उरले असेल, तर पाच सेकंदांच्या पायरीवर परत जावे आणि पंधरवड्यात फरक न पडल्यास चित्रफीत घेऊन पशुवैद्याकडे जावे, कारण अशा वेळी सरावाबरोबर औषधाचीही गरज असू शकते.